इकबालसाठी चढवलेला गलेफ

सलीमचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील. चहा पुढ्यात होता. "काका, अब्बा गेले. दुपारच्या नमाजानंतर मातीला या," एवढंच बोलला पोरगा. मी "व्हय" म्हटलं, फोन ठेवला आणि समोरचा चहा पिऊन टाकला. मित्र गेलाय आणि मी चहा पितोय... बायकोनं विचारलं, कुणाचा फोन, तर तिच्यावरच खेकसलो. कारण गेले नऊ दिवस मी इकबालकडे फिरकलो नव्हतो. रुसून बसलो होतो. साठी उलटलेला बाप्या आजारी मित्रावर रुसतो, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

इकबाल आणि मी तीस वर्षं एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर उभे राहिलो. तो उचगावचा, मी कोल्हापुरातला. डबा एकत्र, भांडणंही एकत्र. दुपारची नमाज तो स्टोअरच्या कोपऱ्यात पढायचा आणि तेवढा वेळ त्याच्या मशीनवर माझी नजर असायची. खंडेनवमीला मात्र आमचं दरवर्षी वाजायचं. आदल्या दिवशी हा गडी घासलेट घेऊन स्वतःचा लेथ घासायचाच, वर माझाही घासून द्यायचा. नुसता आरसा! आणि पूजेला नारळ फुटायची वेळ झाली की हात पुसत दारात जाऊन उभा. एकदा मी चिडून म्हणालो, "अरे, पोट भरतंय आपलं ह्याच्यावर. हात जोडायला तुझं काय जातंय?" तर म्हणतो कसा, "ह्याला तेल मी घालायचं, ह्याचा मळ मी काढायचा, आणि वर ह्याच्याच पाया पडायचं व्हय? तू जोड की हात. मी कुठं अडवतोय?" सगळं खातं हसलं. मीही हसलो, पण मनात राग राहिलाच. माणूस इतका ताठ कशाला असावा, असं वाटायचं.

ताठा नव्हता तो, हे कळायला मला फार वर्षं लागली. त्याचा धर्म सांगायला दोन वाक्यं पुरायची. अल्लाह एकच, त्याच्या जोडीला कुणी नाही. मागायचं ते थेट त्याच्याकडे, मधे वशिला नाही. पैगंबरांचं नाव निघालं की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा, एवढा जीव त्यांच्यावर. पण लगेच सांगायचा, "तेबी माणूसच की. भूक लागायची, दमायचे, आपली चप्पल आपणच शिवायचे. अल्लाहचा निरोप आणला त्यांनी, पण म्हणून ते अल्लाह न्हवत." माझ्या डोक्यात हे काही शिरायचं नाही. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालायचं नाही?

दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. अंगाचं पार चिपाड झालं. यंदा डॉक्टरांनीही हात टेकले. मला काहीतरी करायचं होतं हो... काहीही. आमच्या घरात मोहरमला पंजांपुढे नारळ फुटतो, गुरुवारी दर्ग्यात ऊद जातो, आजोबांपासूनची रीत आहे. मी विचार केला, आपल्या देवाला नवस बोललो तर इकबालला आवडायचं नाही. त्याच्याच पिराला बोलावं. म्हणून दर्ग्यात गेलो, त्याच्या नावानं पिराच्या कबरीवर हिरवा जरीचा गलेफ, म्हणजे चादर, चढवला, डोकं टेकवून रडलो, आणि मोठा पराक्रम केल्यासारखा उचगावला जाऊन त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "सुभाष, पैगंबरांचं लहानगं लेकरू गेलं. डोळ्याला पाणी आलं त्यांच्या. नेमकं त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणाय लागले, बघा, त्यांचं पोर गेलं म्हणून सूर्य काळवंडला. तर ते म्हणाले, न्हाय, कुणाच्या मरण्या-जगण्यानं ग्रहण लागत न्हाय. त्यांना सुद्धा आपलं लेकरू राखता आलं न्हाय. आणि तू कबरीतल्या माणसाकडं माझी किडनी मागाय गेलतास?"

"मग करू तरी काय मी?" मी ओरडलोच.

"दुवा कर. थेट त्याच्याकडं. मधी कुणाला घालू नको."

"आणि माझ्या देवाजवळ केली तर? चालंल?"

"तुला बरं वाटावं म्हणून खोटं कसं बोलू रे?" तो म्हणाला.

मी उठलो. "बस की," म्हणाला. मी बसलो नाही.

मातीच्या वेळी बाकीच्यांबरोबर मीही तीन मुठी माती टाकली. परत येताना सलीम म्हणाला, "अब्बा रोज विचारत होते, काका आले का." पोराच्या मनात काही नव्हतं, सहज बोलला. त्यानंतर मला चार दिवस जेवण गेलं नाही. कबरीवर निदान नावाचा दगड बसवू, मी स्वतः घडवून आणतो, असं मी म्हणालो तर भाभी नको म्हणाल्या. कबर कच्चीच ठेवायची, नाव नाही, फूल नाही, असं इकबालनंच बजावून ठेवलं होतं. तिथेही माझा हात रिकामाच.

परवा एकटाच कब्रस्तानात गेलो. आता गवत वाढलंय, शेजारी आणखी ढीग झालेत. एका ढिगापुढे थांबलो, मग वाटलं हा नव्हे, पलीकडचा. तिथून परत मागे आलो. इकबाल कुठला, मला ओळखता येईना. माझं चुकलं, एवढंच बोलायचं होतं त्याच्याशी. पण गेलेल्या माणसाकडे गाऱ्हाणं न्यायचं नाही, हे त्यानंच तर सांगितलं होतं. हात जोडायचे की पसरायचे, तेही सुचेना. शेवटी हात तसेच खाली सोडले, वर बघितलं. नाव कुठलं घ्यावं कळेना म्हणून घेतलंच नाही.

"त्याला सांग," म्हणालो, "सुभाष आलता."