विषय : झोन बदलून मिळण्याबाबत

“मॅडम, कप नकोसे झालेत का तुम्हाला?”

प्रिन्सिपॉल सरांनी माझा अर्ज वाचला आणि केबिनमधल्या काचेच्या कपाटाकडे बोट केलं. त्या कपाटात दीड वर्षात पाच कप आले होते. त्याआधीच्या दहा वर्षांत मिळून तीन.

“सर, मला शहर झोन हवाय.”

“तिथे पहिल्याच राउंडला घरी याल.”

“येऊ.”

“मी या झोनचा अध्यक्ष आहे, हे लक्षात आहे ना तुमच्या? माझंच कॉलेज झोन सोडून गेलं तर लोक काय म्हणतील?”

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कल्याणच्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होते. नाव मोठं, काम खेळाच्या शिक्षिकेचं. मैदान आखायचं, टीम निवडायची, मुलींच्या घरी जाऊन आईवडिलांची परवानगी काढायची.

झोन म्हणजे काय ते सांगते. विद्यापीठात कॉलेजं इतकी की सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्य नाही. म्हणून त्यांचे गट पाडतात. आधी गटातल्या गटात सामने, मग गटांचे विजेते एकमेकांशी. पूर्वी आम्ही मुंबई-ठाण्याच्या कॉलेजांबरोबर एकाच झोनमध्ये होतो. कॉलेजं वाढली तशी विद्यापीठाने नवी आखणी केली. ठाणे शहर झोनमध्ये राहिलं. पारसिकच्या डोंगरापलीकडचे आम्ही सगळे, डोंबिवली, कल्याण आणि त्याही पुढची लहान लहान कॉलेजं, एका नव्या झोनमध्ये गेलो.

कागदावर सगळे झोन सारखे. प्रत्यक्षात विद्यापीठाचा संघ निवडणारे शहर झोनच्या सामन्यांना बसायचे. बँका, कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या, त्यांची माणसंही तिथेच. आमच्या विजेत्यांना शहरवाल्यांशी एक सामना मिळायचा, पण तोवर संघ निवडून झालेला असे. शिवाय वर्षभर सोप्या टीमशी खेळलेल्या आमच्या मुलींना समोर काय चाललंय ते कळेपर्यंत हाफ टाइम व्हायचा.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मी खूश होते. कप येत होते, सत्कार होत होते. अर्ज वगैरे काही सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षी मला भारतीने जागं केलं.

भारती आमच्या कबड्डी टीमची कॅप्टन. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, टी.वाय.ला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला. चढाईला गेली की समोरच्या मुली आपोआप दोन पावलं मागे सरायच्या. त्या वर्षी झोनची फायनल आम्ही पन्नासच्या वर पॉइंट करून जिंकली. बाकीच्या मुली नाचत होत्या. ही गुडघ्यावरची पट्टी सोडत बसलेली.

“काय गं, लागलंय का कुठे?”

“नाय मॅडम. यात खेळल्यासारखं काय वाटलंच नाय.”

पंधरा दिवसांनी विद्यापीठाची निवड चाचणी होती. मी तिला घेऊन गेले. नाव पुकारल्यावर ती मैदानात आली. निवड समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, “कुठला झोन?” तिने सांगितलं. त्यांनी हातातलं पेन कागदावर आडवं ठेवलं आणि चहा मागवला. दोन चढायांत तिने तीन गडी मारले. ते पेन काही उचललं गेलं नाही.

परत येताना ती एवढंच म्हणाली, “मॅडम, त्यांच्याशी एकदा रीतसर खेळायचंय. हारलो तरी चालंल.”

मला ते आत कुठेतरी लागलं. मी ठाण्यात वर्तकनगरच्या मैदानावर खेळून मोठी झालेली. माझ्याही निवड चाचणीचं पत्र आलं होतं. त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे येणार होते. मी पोहे केले, चाचणीला गेले नाही.

दुसऱ्याच दिवशी मी अर्ज लिहिला.

नियम असा होता की झोन बदलायचा तर जागेला जागा हवी. शहर झोनमधलं एखादं कॉलेज आमच्या जागी यायला तयार हवं. मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या सावंत सरांना गाठलं. ते माझे जुने सीनिअर. त्यांची टीम शहर झोनमध्ये दरवर्षी पहिल्या राउंडला मार खायची.

“सर, अदलाबदल करायची?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “अगं, वेडी का काय तू? लोक तिथून पळायला बघतायत.”

“म्हणून तर तुमच्याकडे आले.”

“कुठे सही करू सांग.”

उरली आमच्या प्रिन्सिपॉल सरांची सही. आठवडाभर मी रोज केबिनमध्ये जात होते. शेवटी एक दिवस मी भारतीलाच आत नेलं. सरांनी तिला विचारलं, “काय मिळणार तिथे जाऊन?”

“सर, आपून किती पाण्यात हाय ते तरी कळंल.”

सरांनी अर्ज पुढे ओढला. मग सही केली आणि म्हणाले, “हरलात की नोटीस बोर्डवर बातमी तुम्हीच लावायची, मॅडम.”

नोव्हेंबरात विद्यापीठाच्या क्रीडा समितीची मीटिंग झाली. अर्ज मंजूर. पत्राची शेवटची ओळ मी दोनदा वाचली. ‘सदर बदल पुढील शैक्षणिक वर्षापासून अंमलात येईल.’

पुढच्या वर्षी भारती कॉलेजात नसणार होती.

हे माझ्या आधी तिच्या लक्षात आलं असावं. फेब्रुवारीत ती माझ्या खोलीत आली आणि दार लोटून उभी राहिली.

“मॅडम, हजेरीचं पत्र देऊ नका.”

खेळाडूंची हजेरी सामन्यांमुळे बुडते. फिजिकल डायरेक्टरने पत्र दिलं की ते दिवस हजेरीत धरतात. पत्र नसेल तर हजेरी कमी, आणि हजेरी कमी म्हणजे टर्म ग्रँट होत नाही. सोप्या भाषेत, परीक्षेला बसता येत नाही. वर्ष पुन्हा करायचं. पुन्हा टी.वाय., पुन्हा कॉलेजची टीम. या वेळी शहर झोन.

मी लगेच ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “बघते.”

पत्र टाइप करून तयार होतं. ते मी ड्रॉवरमध्ये ठेवलं. चार दिवस तिथेच होतं. त्या चार दिवसांत मी पुढच्या वर्षीची टीम कागदावर मांडत होते आणि दर वेळी पहिलं नाव भारतीचं लिहीत होते.

पाचव्या दिवशी तिची आई आली. बाजारातून थेट आलेली, टोपली गेटवर वॉचमनपाशी ठेवून. भारतीने घरी काही सांगितलं नव्हतं. बाई सहजच आल्या होत्या.

“मना इतकंच सांगा बाय, पोर यंदा पास व्हईल ना? आमच्यान कोनी कॉलेज पुरं केलं नाय. ती पयली.”

मी म्हटलं, “होईल.” त्या गेल्यावर ऑफिसात जाऊन पत्र दिलं.

भारतीला संध्याकाळी कळलं. ग्राउंडवर आली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. टीमचं किट माझ्या पायाशी ठेवलं आणि निघून गेली. परीक्षा दिली, पास झाली. पेढे द्यायला तिची आई आली. ती नाही.

पुढच्या ऑगस्टला आम्ही शहर झोनमध्ये पहिला सामना खेळलो. समोर मुंबईची सगळ्यात तगडी टीम. प्रेक्षकांत निवड समिती, पेपरवाले, कंपन्यांची माणसं. मला जे जे हवं होतं ते सगळं खुर्च्या टाकून बसलं होतं. आमच्या मुली जीव तोडून खेळल्या आणि पहिल्या राउंडला घरी आल्या. नोटीस बोर्डवर बातमी मीच लावली. पुढची तीन वर्षं दर ऑगस्टला लावली. पाचव्या वर्षी आम्ही सेमीफायनलला गेलो आणि आमची एक मुलगी विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. तिला नंतर बँकेत नोकरी लागली.

सावंत सरांच्या कपाटात तोवर सात कप झाले होते.

भारती मला बऱ्याच वर्षांनी ठाणे स्टेशनबाहेर भेटली. वागळे इस्टेटमधल्या एका स्विच बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळत होती. ग्रॅज्युएट म्हणून ती नोकरी मिळाली होती. दोन मुलं होती. मी विचारलं, “राग गेला का गं?”

“राग कसला मॅडम! आई किती दिवस सर्टिफिकेट सगळ्यांना दाखवत फिरत होती.” मग तिने विचारलं, “तो पहिला सामना. कितीने हारलो आपण?”

“बावीस.”

तिने मनाशी हिशेब केला.

“मी असते तर दहाने हारलो असतो,” ती म्हणाली, आणि आलेल्या बसमध्ये चढली.

आता नवीन डायरेक्टर कधी सल्ला विचारायला येतात. झोन बदलायचा असेल तर काय करावं, म्हणून. मी सांगते, अर्ज आजच करा. समितीला वर्ष लागतं, आणि मुलीपाशी कॉलेजची वर्षं तीनच असतात. मी नव्या झोनमधलं पहिलं वर्ष कप पुसण्यात घालवलं.