पाहुण्यांची खुर्ची

वृद्धाश्रमात तिला सगळे 'वादळ' म्हणायचे. ती खोलीत शिरली की पडदे सरकायचे, चादर बदलली जायची, औषध पोटात जायचं, आणि अंथरुणावरच्या माणसाने 'काय गं' म्हणायच्या आत बाई पुढच्या खोलीत. हौस नव्हती ती. एकीच्या अंगावर तिघींचं काम टाकलं की कोणीही वादळ होईल.

कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींनी आयुष्यभर शिवणकाम केलेलं. नजर गेली होती, बोटं मात्र शाबूत. वादळाच्या युनिफॉर्मची बाही चाचपून त्या रोज म्हणायच्या, "कोणी शिवलंय गं हे? काय धाड भरली होती त्याच्या हाताला? बस की जरा."

"बसते हो आजी, एवढं उरकलं की," वादळ म्हणायची, आणि ते एवढं कधी उरकायचं नाही. पण एक शब्द तिने दिला होता. "जाताना मी एकटी नको," असं आजी एकदा म्हणाल्या, तेव्हा उशी सारखी करता करता ती म्हणाली होती, "मी आहे ना."

मग संप झाला. वादळ सगळ्यात पुढे. पगार वाढवाच, पण आम्हाला फुकट राबवणंही बंद करा, असं तिने मालकांना तोंडावर सुनावलं. ड्यूटी संपली तरी 'आज थांब गं जरा' म्हणून अडवायचं आणि त्याचा छदाम द्यायचा नाही, हे कुठवर चालायचं? तिच्या लेकीची तापाची दुखणी शेजारणीने काढली होती. ते ती विसरली नव्हती, आणि का विसरावं? शेवटी मालक नमले. पगार वाढला, माणसं वाढली, आणि नियम झाला: ड्यूटी संपल्यावर कोणी खोलीत थांबायचं नाही. कोणी फुकट राबताना दिसलं तर दंड मालकांना. त्या दिवशी बायकांनी तिला डोक्यावर घेऊन नाचायचंच काय ते बाकी ठेवलं.

आणि नेमका पुढच्याच महिन्यात, भरदुपारी, ड्यूटी संपता संपता आजींचा श्वास बदलला. या कामातल्या बायकांना तो श्वास लगेच कळतो.

सुपरवायझर दारात येऊन उभी राहिली. "चल, नीघ आता. दुपारची बाई आलीये."

"थांबू दे मला. पैसे नकोत."

"पैसे नकोत म्हणतेस, म्हणूनच थांबता येत नाही. नियम कोणी आणला? मी?" सुपरवायझर काही वाईट बाई नव्हती. हे बोलताना तिने आजींकडे बघायचं टाळलं.

वादळाच्या तोंडात शिवी आली, पण ती द्यायची कोणाला ते कळेना, म्हणून गिळली. युनिफॉर्म काढून तिने खुंटीला अडकवला, घरचे कपडे घातले आणि मागच्या दाराने बाहेर पडली. फाटकापाशी पाय अडले. नियम चुकीचा होता का? मुळीच नाही. आज ती थांबली असती तर उद्या सगळ्यांनाच थांबवलं असतं, की पुन्हा आपलं तेच. पण शब्द दिलेला होता. ती वळली, इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराशी गेली आणि पाहुण्यांसारखी बेल वाजवली.

"आता काय?" सुपरवायझरनेच दार उघडलं.

"भेटायला आलेय. आजींना."

"अशा वेळी नात्यातल्यांनाच बसू देतो आपण. तुला माहीत नाही का?"

"मग भाच्याला विचारा."

आजींचा भाचा परगावाहून निघाला होता, पण वाटेतच होता. सुपरवायझरने त्याला फोन लावला. "बसू द्या हो त्यांना," तो म्हणाला. "आमच्याकडून बसू द्या."

"ऐक," फोन ठेवत सुपरवायझर म्हणाली, "पाहुणी म्हणून आलीस, पाहुणीसारखी राहा. कामाला हात लावायचा नाही."

पलंगाशेजारची पाहुण्यांची खुर्ची वादळाने रोज पुसली होती, तिच्यात बसली कधीच नव्हती. दुपारची बाई कामाला नवी होती. ओल्या कापसाने ती आजींचे ओठ टिपत होती, हळू, फारच हळू. वादळाचे हात शिवशिवायला लागले, तसे तिने ते मांडीखाली दाबून धरले. मग एक हात काढून आजींच्या हातात दिला. तेवढ्याला मनाई नव्हती.

आजींची बोटं हलली. सवयीने बाहीकडे गेली, कापड चाचपत राहिली.

"हा युनिफॉर्म नाही."

"नाही, आजी."

"ड्यूटी?"

"संपली."

बोटं बाहीवरून परत तिच्या हातात आली. मग, "बसलीस?"

"बसले," वादळ म्हणाली. इतकी वर्षं या बाईने एवढंच मागितलं होतं, आणि ते द्यायला तिला संप करावा लागला होता.

उन्हं खिडकीवरून उतरली तेव्हा आजी गेल्या. दुपारच्या बाईने कोमट पाणी आणलं, टॉवेल आणला आणि चाचरत विचारलं, "ताई, तुम्ही पुसता का अंग? तुमच्याच होत्या त्या."

वादळ अर्धी उठली. हात पुढे गेलेसुद्धा. मग ती परत खुर्चीत बसली.

"तू कर. तुझी ड्यूटी आहे," ती म्हणाली. "मी घरची आहे. मला रडू दे जरा."