पाच मिनिटं, मावशी

कोंडामावशी माणसाचं वजन नुसत्या डोळ्यांनी करत. गंगाखेडच्या घाटाला त्यांची पत्र्याची नाव लागलेली असे. कुणी पायऱ्या उतरून आलं की त्या नमस्कार करत नसत, कुठं जायचंय हेही विचारत नसत. कमरेवर हात ठेवून आलेल्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत बघत आणि म्हणत, "तुमी मधी. तुमी मागं. आन् ह्या बाईला माज्याजवळ बसवा." कोण कुठं बसणार हे ठरल्याशिवाय नावेची दोरी सुटत नसे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाल्या, "सत्तर किलो. गळ्यातल्या डबड्यासकट बहात्तर." ते डबडं म्हणजे माझा कॅमेरा. घरी जाऊन काट्यावर उभा राहिलो, तर किलोभराचाही फरक नव्हता.

माझा गावात फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी लग्नाचे फोटो लग्नातच काढत. आता लग्नाआधी नवरा-नवरीला घेऊन कुठंतरी जावं लागतं, आणि आमच्याकडं जाण्यासारखं दुसरं काय आहे? गोदावरी आहे. बंधारा झाल्यापासून पावसाळ्यानंतरही पात्र भरलेलं असतं. संध्याकाळी चारनंतर त्या पाण्यावर जो उजेड पडतो, तो कुठल्याही दिव्यानं पाडता येत नाही. म्हणून मी कोंडामावशींची अख्खी नाव दोन-दोन तासांसाठी ठरवू लागलो.

साठी ओलांडलेली बाई. सावळी, हाडकुळी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. नवरा गेल्यावर भाऊबंद म्हणाले, नाव विकून टाक, बाईमाणसानं नाव चालवायची का? त्यावर मावशींचं उत्तर घाटावर अजून सांगतात. "नावेला कुठं ठावं हाय, बाई हाय का बुवा?" पाण्यावर राहणारी माणसं मोठ्यानं बोलतात. मावशींचा आवाज मात्र खालचा होता. त्यांचं बोलणं ऐकायला माणसाला गप्प बसावं लागे, आणि तेच त्यांना हवं असे.

एकदा पाथरीकडची आठ माणसं आली. पलीकडच्या देवळात जायचं होतं. मावशी म्हणाल्या, सहाच. त्यांच्यातले एक मास्तर हुज्जत घालू लागले. मावशींनी वाद घातला नाही. आठहीजणांना बसवलं, दोरी न सोडता नाव दोन हात आत ढकलली. पाणी नावेच्या काठाला चार बोटं उरलं आणि हेलकाव्यासरशी आत आलं. मास्तरांच्या चपला भिजल्या. मावशींनी दोरी ओढून नाव परत लावली. "बगितलं? आता दोघं उतरा. कोन उतरायचं ते तुमच्या तुमी ठरवा." मास्तरच आधी उतरले.

अशा बाईला मी एकदा नको ते करायला लावलं. त्याची ही हकीकत आहे.

आश्विन संपत आला होता. गावातल्या एका मोठ्या ठेकेदाराच्या मुलाचं लग्न ठरलेलं. मुलगा निखिल, मुलगी पालमची, प्रतीक्षा नाव. ठेकेदारांना सगळे अण्णा म्हणत. हे काम चांगलं झालं तर त्यांच्या सगळ्या गोतावळ्यातली लग्नं माझ्याकडं येणार होती. प्रतीक्षासाठी मी परभणीहून लाल गाऊन भाड्यानं आणला होता. त्याला मागं दहा-बारा हात लांब शेपूट. वाऱ्यावर ते उडालं की फोटो असा येतो, की बघणाऱ्यानं बघत राहावं.

मावशींनी तो गाऊन चिमटीत धरून बघितला. "हे एवढं कापड कामून?"

"फोटोत छान दिसतं, मावशी."

"भिजलं तर वजन किती व्हईल याचं?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी प्रतीक्षाला पुढच्या फळीवर बसवलं, निखिलला मधे, मला त्याच्यामागं, आणि स्वतः मागच्या टोकाला बांबू घेऊन उभ्या राहिल्या. नावेत त्यांच्याशिवाय कुणी उभं राहायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. तो त्यांनी दोघांनाही ऐकवला. मी कडेला एक छोटा कॅमेरा अडकवून चालू करून ठेवला. तो आपोआप सगळं टिपत राहतो.

तासभर काम झकास झालं. पाऊण तास राहिला होता, ऊन कलायला लागलं होतं, मला हवा तो उजेड आता कुठं येणार होता. तेवढ्यात मावशींनी बांबू थांबवला. पाण्यातून ओंजळभर काडीकचरा वर काढून बघितला. सोडून दिला. परत बघितला.

"फोटूवाले, माघारी फिरू."

"का हो?"

"पानी चढायलंय. वरनं सोडलेलं दिसतंय."

मी पाण्याकडं बघितलं. मला काहीच वेगळं दिसलं नाही. थोडा फेस होता, इतकंच. मी म्हणालो, "पाच मिनिटं, मावशी. उजेड बघा कसा आलाय."

"उजेड उद्या बी येतो."

"नवरीमुलगी उद्या पालमला जाणार. पाच मिनिटं."

त्या नाव वळवू लागल्या. मी मागं वळून त्यांच्यापुढं हात जोडले. "मावशी, माझ्यासाठी. फक्त पाच मिनिटं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग नाव थांबवली. "पाचच," म्हणाल्या.

मी प्रतीक्षाला शेपूट हवेत सोडायला सांगितलं. वारा नेमका तेव्हाच आला. ते लाल कापड भरलं, फुगलं, आणि नाव चक्क त्याच्या ओढीनं सरकली. शिडाच्या नावा मी चित्रातच बघितलेल्या. इथं मुलीच्या अंगावरच शीड उभं राहिलं होतं. मी भराभर फोटो घेत होतो. किती घेतले, कळलं नाही. वारा एकाएकी पडला आणि कापड पाण्यात कोसळलं.

बंधाऱ्याचं पाणी तुंबल्यावर काठच्या बाभळी बुडाल्या होत्या. त्या अजून तशाच उभ्या आहेत, पाण्याखाली हातभर. भिजलेलं शेपूट त्यातल्या एकीच्या काट्यांत गेलं. नाव प्रवाहाबरोबर खाली निघाली होती. कापड ताणलं. प्रतीक्षा मागं झुकली, आणखी झुकली, तिचे हात फळीवरून सुटले. नाव त्या बाजूला कलली.

निखिल उठला. त्याला मी दोष देत नाही. भीतीनं माणूस उठतोच. पण तो तिच्याकडं गेला नाही. नावेची वर आलेली बाजू गाठायला तो तिच्या पायांवर पाय देऊन पलीकडं झेपावला. नाव हेलकावली आणि घोट्याएवढं पाणी आत आलं.

मावशींनी बांबू एका हातात धरून, माझ्यावरून पुढं वाकून दुसऱ्या हातानं त्याच्या मुस्काटात मारली. आवाज पाण्यावर घुमला. "बस खाली!" इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तो मटकन खाली बसला.

मग बांबू माझ्या हातात आला. "रोव आन् धरून ठेव. सुटला तर सगळेच जातोत." कायम मला तुमी म्हणणारी बाई तू-वर आली होती. मी बांबू तळाशी रोवला आणि अंगाचा भार टाकला. गळ्यातला कॅमेरा बांबूवर आपटत होता. मला पोहता येत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

जलपर्णी कापायला मावशींच्या पायाशी विळा असे. तो दातांत धरून त्या गुडघ्यांवर रांगत पुढं गेल्या. प्रतीक्षाचं डोकं तेव्हा पाण्याला लागत होतं. मावशींनी तिच्या कमरेला डाव्या हाताचा विळखा घातला आणि उजव्या हातानं पाठीमागचं कापड कापायला घेतलं. ओलं कापड पटकन कापलं जात नाही. "माज्याकडं बग," त्या तिला सांगत होत्या. "पान्याकडं बगू नको. माज्याकडं बग, बाई."

कापड तुटलं तशी नाव उसळली आणि बांबू माझ्या हातातून निसटला. मावशींनी तो पाण्यातून झडप घालून पकडला. समोर घाटाच्या खालच्या अंगाच्या मोठ्या पुलाचा खांब होता. त्या फळीवर उभ्या राहिल्या, बांबू खांबाला लावला आणि अख्ख्या अंगानं रेटा दिला. बांबूला उभी चीर गेली. नाव खांबाला घासून, पत्रा किरकिर वाजवत, पलीकडं निघाली. अर्ध्या मैलावर एका कापसाच्या रानाला आम्ही लागलो. मावशींनी आपलं जुन्या लुगड्याचं कोरडं धडपं प्रतीक्षाच्या अंगावर घातलं आणि तिचे तळपाय चोळत बसल्या.

आम्ही रस्त्यानं घाटावर पोचेपर्यंत निखिलनं फोन केला होता. अण्णा दोन गाड्या घेऊन आले होते. मुलगी कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. "माझ्या पोरावर हात टाकलास?" असं त्यांनी मावशींना विचारलं. घाटावर माणसं जमली. माफी माग, असं दोघं-तिघं मावशींच्या कानाशी सांगू लागले.

मावशी म्हणाल्या, "मागते. मारल्याची न्हाई. पानी चढायलंय हे कळून बी मी थांबले, त्याची मागते. नावेचा जिम्मा माजा होता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. एकदाही नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. मी खाली पायऱ्यांकडं बघत उभा राहिलो. अण्णांनी उद्यापासून नाव बंद म्हणून सांगितलं आणि मला म्हणाले, "कॅमेऱ्यात असेल ना सगळं? उद्या येतो. ते घेऊन तक्रारच देतो."

घरी गेल्यावर मी छोट्या कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. थप्पड होती. पण तिच्या आधी माझा आवाज होता. पाच मिनिटं, मावशी. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हात जोडून. तेवढा तुकडा काढून टाकायला मला अर्धं मिनिट लागलं नसतं. माझं बोट बटणावर होतं. खोटं कशाला सांगू, बराच वेळ होतं. मला अडवणारं तिथं कुणी नव्हतं. फक्त पडद्यावर त्या हातात बांबू धरून उभ्या होत्या आणि पाण्यातला कचरा बघत होत्या. मी बोट उचललं.

दुसऱ्या दिवशी अण्णा, निखिल आणि प्रतीक्षाचे वडील स्टुडिओत आले. मी पहिल्यापासून लावलं, मधे थांबवलं नाही. माझा आवाज तिसऱ्यांदा आला तेव्हा अण्णांनी माझ्याकडं बघितलं. निखिल मुलीच्या पायांवरून झेपावला तेव्हा त्यांनी नजर पडद्यावरून काढली. प्रतीक्षाचे वडील शेवटपर्यंत बघत राहिले. मग ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "त्या बाई कुठं राहतात?" तक्रार झाली नाही. लग्नही झालं नाही. अण्णांच्या गोतावळ्यातलं एकही काम नंतर माझ्याकडं आलं नाही.

मी मावशींकडं गेलो तेव्हा त्या नावेचा पोचा ठोकून सरळ करत होत्या. मी म्हणालो, मी सगळं दाखवलं, तुम्हालाही दाखवू का? "मला कशाला? मी हुते की तिथं." मग मी विचारलं, तुम्ही कुणाचं ऐकत नाही, माझं का ऐकलंत? त्यांनी हातोडी बाजूला ठेवली.

"तुमी तीनदा म्हणलाव. दोनदा न्हाई म्हणायची ताकद हाय माज्यात. तिसऱ्यांदा माणसाला वाटतं, समोरच्याला आपल्यापरीस काय तरी जास्त कळत आसंल." मग हातोडी परत उचलून म्हणाल्या, "बांबू धरताना हात लटलट कापायले हुते तुमचे. पवता येत न्हाई ना?"

"नाही."

"मग आदी ते शिका. तवर माज्या नावंत पाय ठेवायचा न्हाई."

मी छत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधून घाटाच्या कडेला हातपाय मारू लागलो. शाळेची पोरं पायऱ्यांवर बसून हसत. मावशी हसत नसत. "पाय मारा. पान्याला मारू नका, ढकला," एवढंच त्यांचं चाले. महिन्यानं एक डबा सुटला, दोन महिन्यांनी दुसरा.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. आठ दिवसांचा ताप, नांदेडचा दवाखाना, संपलं. नाव आता त्यांचा पुतण्या चालवतो. लोक मला त्या दिवसाबद्दल विचारतात, विळ्याबद्दल विचारतात. मला मात्र त्यानंतरच्या फाल्गुनातली एक सकाळ आठवते.

पाणी संथ होतं. मी पहिल्यांदाच पलीकडचा काठ गाठायला निघालो होतो आणि मावशी शेजारून वल्हं मारत येत होत्या. मधे पोचलो आणि माझे दंड भरून आले. मागचा काठ जेवढा लांब, तेवढाच पुढचा. तोंडात पाणी गेलं. मी नावेच्या कडेला हात घातला. मावशींनी वल्ह्याचा एक फटका मारून नाव हातभर दूर नेली. मी शिवी दिली. खरोखर दिली. त्यांनी ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण नजर माझ्यावरून क्षणभरही हलवली नाही. वल्हं आडवं धरून त्या वाकून बसल्या होत्या, कधीही पाण्यात उडी घालतील अशा. मी परत हात मारायला लागलो.

पायाला चिखल लागला तेव्हा मला रडू आलं. गुडघाभर पाण्यात उभा राहून मी धापा टाकत होतो. मावशींनी नाव काठाला लावलीच नाही. तिथूनच त्यांनी ती वळवली.

"मावशी, मला घ्या की!"

"आलाव तसंच माघारी या," त्या म्हणाल्या. "मी हाय बाजूला."