"नेट आहे ना हो तुमच्याकडे?"

होमस्टे काढला की दोन गोष्टी साठत जातात: धुवायच्या चादरी आणि किस्से. चादरी निदान धुऊन संपतात तरी! मळवलीजवळचं आमचं घर पाहुण्यांसाठी उघडलं, तेव्हा वाटलं होतं लोक विचारतील, खिडकीतून डोंगर दिसतो का? पण प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच. "नेट आहे ना हो तुमच्याकडे?"

ते नेट आणायचं काम मी अंगावर घेतलं. इथेच चुकलं.

*

माझी बायको वैशाली पहिल्यापासून म्हणत होती, "सरळ वायर ओढून घेऊ."

मी हसलो. "अगं, वायरीचा जमाना गेला. आता सगळं हवेतून येतं!"

सोमाटण्याहून सिमकार्डवर चालणारा वायफायचा डबा आणला. मंगळवारी लावला. काय स्पीड! लगेच जाहिरातीत टाकलं, 'सुपरफास्ट इंटरनेट'.

शनिवारी पाहुणे आले. पण शनिवारी अर्धी मुंबई लोणावळ्यात उतरलेली आणि सगळ्यांचे मोबाइल त्याच टॉवरवर! नेट जागचं हलेना. मी कळवळून म्हटलं, "खरंच सांगतो, मंगळवारी फार छान चालत होतं."

पाहुणे शांतपणे म्हणाले, "मग आम्ही मंगळवारपर्यंत थांबतो. भाडं मात्र रविवारपर्यंतचंच घ्या!"

*

मग रेंज शोधत तो डबा मी घरभर फिरवला. फुल रेंज मिळाली ती एकाच जागी. बाथरूमच्या खिडकीत! ठेवला तिथेच. फक्त बाथरूमचं दार लावलं की खोलीतलं नेट जायचं.

एका पाहुण्या बाईंची ऑफिसची मीटिंग होती. दार सताड उघडं. त्यांचे मिस्टर खांद्यावर टॉवेल टाकून मागे ताटकळत उभे. स्क्रीनवरून बॉसने विचारलं, "मागे कोण आहेत ते?"

"माझे मिस्टर, सर. मीटिंग संपायची वाट बघतायत."

तिकडून कुणीतरी उसासा टाकला, "आम्हीपण!"

*

शेवटी वायर घेतली. ही कल्पना माझीच होती, असं मी पाहुण्यांना सांगायचो. वैशाली नुसती बघायची.

पंधरवडाही झाला नसेल, माकडांनी वायरीवर झोके घेतले आणि ती तोडली. मी तक्रारीचा फोन लावला.

"वायर कशामुळे तुटली, सर?"

"माकड."

"आवाज येत नाहीये, सर."

मी अंगणात पळालो. "माकड! माकड!"

"ओके सर. आणि आपलं नाव?"

तिचा प्रश्न मला नीट ऐकू आला नाही. वाटलं, तिकडच्या बाईलाही अजून ऐकूच गेलं नाही. जिवाच्या आकांताने ओरडलो, "माकड!!"

थोड्या वेळाने मेसेज आला. 'प्रिय माकड, आपली तक्रार नोंदवली आहे.'

वैशालीने तो माहेरच्या ग्रुपवर टाकला. मेहुणा अजून मला दिवाळीच्या शुभेच्छा त्याच नावाने देतो.

*

माकडांना चुकवायला मी अंगणातली वायर जमिनीखालून नेली. स्वतः खणून! त्या आनंदात फाटकाजवळ लावायला मोठी पाटी रंगवून घेतली, 'येथे हाय-स्पीड वायफाय मिळेल'. पहार घेऊन खड्डा खणायला लागलो.

घरातून पाहुणे ओरडले, "नेट गेलं!"

"येईल हो, जातं असं कधीकधी!" म्हणत मी खणतच राहिलो.

पाटी उभी राहिली. शेजारचे बबनभाऊ शेतावरून येत होते. त्यांनी पाटी वाचली, मग खड्ड्यात वाकून बघितलं.

"पाटी लय झ्याक झालीया, दादा. पर वायर एकच व्हती न्हवं? आता दोन झाल्यात!"

*

वायर पुन्हा जोडून घेतली, जोडीला डबाही होता. एक गेलं तर दुसरं! वायरीचा राउटर आणि डबा, दोन्ही मी एकाच एक्स्टेंशन बोर्डला लावले.

एक आजी-आजोबा आले. नातवाचं लग्न परदेशात, व्हिसा वेळेत मिळाला नाही, घरचे सगळे तिकडे. रिकाम्या घरात बसवेना, म्हणून लग्न आमच्याकडे बसून बघणार होते. आजी पैठणी नेसून टीव्हीसमोर बसल्या. वैशालीने अक्षता करून वाटीत ठेवल्या.

मुहूर्त जवळ आला. मला वाटलं, तेवढ्यात चहा टाकू. चहाची इलेक्ट्रिक किटली मी त्याच बोर्डला लावली.

फट्!

वायर आणि डबा एकदमच गेले. आजींचे डोळे भरून आले. "राहू दे रे," त्या म्हणाल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आजोबांचा फोन घेऊन मी गच्चीवर पळालो. हात उंच धरला की टाकीच्या कठड्यावर थोडी रेंज यायची. आजी-आजोबा हळूहळू जिना चढून आले, तोवर फोनवर मंगलाष्टकं सुरू झाली होती.

"हलू नकोस हं!" आजोबा म्हणाले.

हात आभाळात धरून मी पुतळा झालो. आजी रडत होत्या, हसत होत्या आणि फोनवर अक्षता टाकत होत्या. फोन उंच! सगळ्या अक्षता माझ्या डोक्यावर, कानांत, कॉलरमध्ये.

रस्त्यावरून बबनभाऊ वर बघत थांबले. "आवो, नवरदेव तर दिसला! नवरी कुटंय?"

घरातून वैशालीचा आवाज आला, "नवरी बोर्ड दुरुस्त करतेय!"