ओडेल ट्रिबिटचा ताल

जॉर्जियातल्या मेकन शहरात आमच्या चर्चमध्ये ट्रिबिट कुटुंब गायला उभं राहिलं की खिडक्यांच्या काचा थरथरत. चर्चचं कामकाज पाहणारे डीकन जोसाया खालच्या पट्टीत, त्यांची बायको वरच्या, मुलगी व्हर्लीन ऑर्गनवर आणि मुलगा ओडेल बेस गिटारवर. ओडेल शाळेत माझ्याबरोबर एकाच वर्गात होता. फळ्याकडे त्याचं लक्ष नसे. बाकाखाली त्याचा पाय ताल धरी, आणि मागच्या बाकावरची मुलंही नकळत तोच ताल धरीत.

विशीत तो फंक, म्हणजे ठेक्यावर नाचायचं संगीत, वाजवणाऱ्या एका बँडबरोबर निघून गेला. बेसवर त्यानं रचलेल्या एका तुकड्यावर सगळा जॉर्जिया नाचला. न्हाव्याच्या दुकानात, गाड्यांमध्ये, जिकडेतिकडे तोच. डीकनच्या घरातला रेडिओ मात्र कायमचा बंद झाला.

पन्नाशी उलटली, बँड मोडला, आई गेली, तेव्हा ओडेल परतला. बाबांच्या देखत चर्चमध्ये एकदा वाजवायचं, एवढीच त्याची इच्छा होती. आमच्याकडची रीत अशी, की चर्चबाहेरच्या गाण्यातून परतलेल्यानं रविवारी सगळ्यांपुढे यायचं आणि ते गाणं पाप होतं असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मगच लोक त्याला जवळ घेतात, वाजवू देतात.

व्हर्लीननं त्याला स्वयंपाकघरात परोपरीनं समजावलं. मी तिथंच मक्याचा कॉर्नब्रेड खात बसले होते.

"बोलून टाक की रे. तुझ्या मनात काय आहे ते देवाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणूनच खोटं बोलत नाही," ओडेल म्हणाला. "सगळं आईच्या गाण्यातनं उचललंय मी. मग तीही पापी का?"

डीकन काठी टेकत दारात आले. "तुझ्या आईचं नाव त्या दारूच्या अड्ड्यांत नेऊ नकोस," एवढंच बोलून ते मागं फिरले.

त्यानंतर दर रविवारी बाप पहिल्या बाकावर आणि मुलगा शेवटच्या. डीकननी कधी मागं वळून पाहिलं नाही.

पुढं तरुण मंडळी चर्चला येईनाशी झाली, तसं पाद्रीबुवांनी संगीत बदललं. बेस गिटार व्हर्लीनच्या मुलाकडे, मार्क्विसकडे आली. एका रविवारी त्यानं भजनाखाली मामाचाच तो तुकडा संथ करून वाजवला. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. डीकनची काठीसुद्धा जमिनीवर ताल देऊ लागली.

बाहेर पडताना त्यांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. "याला म्हणतात देवाचं संगीत. कुठं शिकलास रे बाळा?"

मार्क्विसनं मामाकडे पाहिलं.

"चर्चमध्येच शिकलाय तो, बाबा," ओडेल म्हणाला आणि टोपी घालून पायऱ्या उतरला.

त्या हिवाळ्यात डीकन गेले. शेवटच्या प्रार्थनेलाही मार्क्विसच वाजवायला बसला. ओडेलला शवपेटी उचलायला बोलावलं. त्यासाठी कुठली कबुली लागत नाही. पुढची उजवी कडी त्याच्या हातात होती. पेटी उचलली तसा मार्क्विसनं तोच तुकडा धरला. बाकीच्यांची पावलं आपसूक तालात पडू लागली. बाबांना आपल्या त्या गाण्यावर न्यायला नको म्हणून ओडेल आपलं पाऊल तालाबाहेर टाकू पाहत होता, दारापर्यंत. त्याला ते जमलं नाही.