दिवसातून तीनदा, आईसमोर

गरोदरपणाचा छत्तिसावा आठवडा लागला त्या मंगळवारी सकाळी, नागपूरजवळच्या बेसा इथल्या आमच्या फ्लॅटमध्ये, सासूबाईंनी माझ्या गोळ्या पट्टीतून काढून सिंकमध्ये टाकल्या आणि नळ सोडला.

गोळ्या हर्पिसच्या होत्या. चौथ्या महिन्यात मला गुप्तांगावर फोड आले. नवऱ्याला हा आजार लग्नाआधीपासून होता, हे त्याने डॉक्टरीणबाईंसमोर कबूल केलं. मलाही तेव्हाच कळलं. बाईंनी छत्तिसाव्या आठवड्यापासून बाळंत होईपर्यंत रोज तीन गोळ्या लिहून दिल्या. कळा सुरू होताना फोड असले तर सिझेरियन. बाळाला लागण झाली तर जीव जाऊ शकतो.

घरी त्याने आईला सांगितलं, हिच्या कमरेवर नागीण उठली आहे.

सासूबाई काटोलच्या. त्यांच्याकडे नागिणीला गेरूचा लेप लावतात. त्यांनी तो वाटीत कालवून ठेवला होता.

"गोळीनं नागीण दबते वं, आत जाते," त्या म्हणाल्या. "लेकराले काहून विष चारून राहिली?"

नवरा सोफ्यावर मोबाइल बघत होता. मी फाइल त्याच्या मांडीवर ठेवली.

"वाच. मोठ्याने."

"आत्ता कशाला?"

"मग मी वाचते. गॅलरीत उभी राहून."

त्याने वाचलं. 'पतीला लग्नाआधीपासून' या ओळीवर तो अडला. मी तिथे बोट ठेवलं.

"म्हणजे हे तुह्यापासून आलं काय गा?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"अन् मले नागीण सांगतली?"

त्याने फाइल मिटली.

त्याला माफ करायचा माझा विचार नव्हता. अजूनही नाही. दुपारी तो नव्या गोळ्या घेऊन आला, तेव्हा मी अट घातली. तिन्ही वेळा गोळी त्यानेच द्यायची, आईसमोर, आणि कशाची ते सांगायचं. पहिल्यांदा तो पुटपुटला. मी हात मागे घेतला. त्याने पुन्हा, नीट सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्याचे मामा संत्री घेऊन आले. त्यांच्यासमोरही सूट दिली नाही.

"काय म्हणून राहिला हा?" मामांनी बहिणीला विचारलं.

"खरं बोलाचं शिकून राहिला," सासूबाई म्हणाल्या.

मला त्याचं समाधान वाटलं.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. फोड नव्हते. दुपारी नॉर्मल बाळंतपण झालं, मुलगी झाली. सहाव्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांनी तिला तपासलं. लागणीचं एकही लक्षण आढळलं नाही.