मामांचा रिमोट आणि माझा कर्नल

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसणारच तुम्ही, पण निदान चहा तोंडात असताना हसू नका!

माझी सासुरवाडी तलवाड्याची. जावई पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो, एवढ्यावर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गावभर माझी कीर्ती करून ठेवलेली. दसऱ्याला जाताना मी स्वतः जुळवलेला एक छोटा डबा, म्हणजे इवलासा कॉम्प्युटरच, टीव्हीसाठी नेला. एका रिमोटवर सगळं चालणार! जुनं डिशचं कनेक्शन मी तोऱ्यातच बंद करायला लावलं.

खंडेनवमीला सकाळी कोयते, मोटार, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा झाली. मामा म्हणाले, "जावईबापू, तुमची हत्यारं तुमीच पुजा." मग काय! डब्याच्या तोंडावर मधोमध ओलं कुंकू थापलं, वर अक्षता चिकटवल्या. लॅपटॉप उघडून, कपाळ समजून, पडद्याच्या वर मधोमध तसाच टिळा.

संध्याकाळी माझा मेहुणा बाळू पहिल्यांदाच टीव्हीवर कबड्डी खेळताना दिसणार होता. मामांनी अख्ख्या गल्लीला आवतन दिलेलं. दुपारी त्यांनी रिमोट दाबून पाहिला. टीव्ही ढिम्म!

"कावून चालंना हो?"

"बघतो मामा."

आता हे रिमोट प्रकरण सांगतो. रिमोट डोळ्यांना न दिसणारा उजेड मिचकावतो, कधी लांब, कधी आखूड. ते मोजून कुठलं बटण दाबलं हे ओळखतो कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी पोटातला प्रोग्रॅम. मी लॅपटॉप जोडून पाहिलं, तर उजेड अर्धवट, तुटक पोचत होता आणि कर्नल तो फेकून देत होता.

मी निदान केलं: कर्नल फार कडक आहे! साधा माणूस आधी डबा उचलून बघेल की नाही? पण मी साधा माणूस कुठला?

"लई अवघड हाय का?" मामांनी विचारलं.

"ऑपरेशन करावं लागेल."

झालं! चहा उकळायच्या आत गल्लीत बातमी, जावई टीव्हीचं ऑपरेशन करायलेत.

मी कर्नलमधली मोजमापं ढिली केली, तो नव्यानं तयार करून डब्यात बसवला. रिमोट चालला! मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझी मान किती ताठ झाली म्हणून सांगू!

संध्याकाळी बैठक खच्चून भरली. बाळू चढाईला निघाला. अंधारून आलं म्हणून मामांनी टीव्हीवरची ट्यूब लावली. ती फडफडली, आणि माझा ढिला कर्नल तिलाही रिमोट समजला! टीव्ही थेट कीर्तनावर. मग आवाज कान फाटेस्तोवर. मग कुणी बाई भरली वांगी करताना.

"अवो जावईबापू, आमचा बाळू कुठं गेला?"

"मामा, ट्यूब बंद करा!"

"पाव्हण्यांना अंधारात बसवू का?"

ट्यूब विझेपर्यंत गल्ली उठून शेजारच्या घरी पळाली होती. मागोमाग मामाही गेले, अनवाणीच. पोराचा पहिला सामना बघायला त्यांना दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारून आरोळी उठली, बाळूनं सामना जिंकला होता. आमच्या घरात मी आणि वांगी!

तेवढ्यात माझी बायको सुनीता टीव्हीजवळ वाकली.

"अवो, रिमोटचा उजेड डब्याच्या ह्या काळ्या काचेतून आत जातो म्हणला होता ना तुमी? मग तिच्यावर कुंकू कुणी थापलं?"

कुणी थापलं हे शोधायची गरज नव्हती. अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता.

तिनं पदरानं काच पुसली. मी गुपचूप जुना, कडक कर्नल परत बसवला. ट्यूब लावून पाहिली, टीव्ही हलला नाही. रिमोट पहिल्या दाबाला चालला. मामा परतले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "पुढल्या साली तुमी निस्ते हात जोडा."

पुण्याला परतल्यावर ऑफिसची मीटिंग घरूनच होती. साहेब म्हणाले, "अहो, कॅमेऱ्यात तुमचा चेहरा का दिसत नाही? नुसता काळोख आहे."

मी गंभीरपणे म्हणालो, "सर, कर्नलमध्ये काहीतरी घोळ दिसतोय. दुपारपर्यंत शोधून काढतो."

स्वयंपाकघरातून सुनीता ओलं फडकं घेऊनच बाहेर आली.